पुसलेला पंखा

नाना, तुझ्या खोलीतले पंखे आहेत तसेच आहेत. तेराव्याला माणसं येणार म्हणून शेजारची इंदू झाडू-फडकं घेऊन आली होती. तिला मी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. ती म्हणाली, "आत्याबाई, भल्ली धूळ बसली हाय व." मी म्हटलं, "बसू दे."

अकोल्याचे वकीलसाहेब तुझी पंख्यांची वही छापून काढणार आहेत. मला म्हणाले, "माय, मास्तरांबद्दल चार ओळी तुम्ही लिहा." मी म्हटलं, माझी चौथी झाली आहे. म्हणाले, तेवढं पुरे. तर लिहिते. तू कुठे जन्मलास, किती वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलंस, ते सगळं वकीलसाहेब लिहितील. मला तुझ्याशी बोलायचं आहे. त्यातली एक गोष्ट मी आठ वर्षं बोललेली नाही.

घरात आपण बहीण-भाऊ दोघंच. तुझी बायको लवकर गेली, माझा नवरा त्याच्याही आधी. तीस वर्षं एका चुलीवरचं जेवलो आणि रोज कशावरून तरी भांडलो. गेले महिनाभर भांडायला कोणी नाही. मी स्वयंपाक करते तो अजूनही दोघांचा होतो. मग संध्याकाळी शिळं खाते.

पहिला पंखा तू सायकलच्या क्यारियरला बांधून आणलास. अमरावतीच्या क्याम्पातल्या बंगल्यांमधली जुनी वीज जाऊन नवी आली होती. जुन्या विजेवरचे पंखे नवीवर फिरेनात, म्हणून लोक ते भंगारात टाकत होते. मी म्हटलं, "हा मेलेला बगळा घरात काहून आणला?" तू म्हणालास, "बाई, याच्या अंगावरचं काम पाय." मी पाहिलं. बिडाच्या अंगावर वेलबुट्टी होती, शिवणयंत्राच्या पायट्याला असते तशी. मी विचारलं, छताला टांगायच्या वस्तूवर एवढी नक्षी कशाला? उताण्या झोपलेल्या माणसाशिवाय तिच्याकडे पाहतो कोण? तू म्हणालास, "थेच तं शोधून काढायचं हाय." आणि शोधतच बसलास.

शाळेतून आलास की चहाचा कप घेऊन पंख्यापुढे मांडी घालायचास. प्रत्येक पंख्याला वहीचं एक पान. पाती किती, लाकडाची की पत्र्याची, दांडा केवढा, मोटारीचं अंग कसं, कारखान्याची पाटी, चिकटवलेला कागद, धूळ. शेजारी पेन्सिलीने चित्र. अंगांना तू इंग्रजी नावं द्यायचास, ती माझ्या तोंडात बसेनात. मी आपली म्हणायची, तो हंडीवाला, तो गडूवाला. सगळ्यात जुने ते हंडी, मोठ्या पोटाचे, चार लाकडी पात्यांचे. मग अंग बारीक झालं, पितळेचे काठ आले, तो गडू. आणि लढाईनंतरचे सगळे थाळी. चपटे, पांढरे, तीन पत्र्याच्या पात्यांचे. एक झाकावा नि दुसरा काढावा, ओळखू येणार नाही. एका रविवारी तू अकोल्याहून आलास आणि म्हणालास, "बाई, वकीलसाहेब बी आता हंडीच म्हणून राहिले." मी पोळी लाटत होते, वर पाहिलं नाही. पण मला बरं वाटलं होतं. तेव्हा सांगायचं राहिलं, म्हणून आता सांगते.

महिन्यातल्या एका रविवारी तू शटल गाडीने बडनेऱ्याला आणि तिथून अकोल्याला जायचास. वकीलसाहेबांच्या बैठकीत तुम्ही तिघं जमायचात. तू, ते, आणि जुन्या शहरातले गफूरभाई. गफूरभाईंचं भंगाराचं दुकान, शिवाय जळालेल्या मोटारींना नवी तार भरायचं काम. मीही दोनदा आले होते. पंखा तरटावर मधोमध ठेवायचा आणि तिघांचं पाहून होईपर्यंत त्याला फडकं लावायचं नाही, हा तुमचा नियम. तीन मोठी माणसं ओणवी होऊन पात्याच्या पाठीवरची धूळ पाहताहेत, मला हसूच आलं. गफूरभाईंनी बोट फिरवून वास घेतला. "रुई हाय, सरकीचं तेल हाय. कापसाच्या जिनातला माल." दुसऱ्या पंख्यावर काजळी होती. तो घरातला, त्याच्याखाली वर्षानुवर्षं कंदील जळलेला. एकावर उदाचा धूर, तो देवळातला. येताना गाडीत तू मला समजावलंस, "पंखा कुठं बनला थे पाटी नाईतं कागद सांगते. पण कुठं राह्यला थे धूळच सांगते." मी म्हटलं, "मंग मी आजवर घरातल्या किती पोथ्या झाडून टाकल्या म्हणायच्या." तू मूर्तिजापूरपासून बडनेऱ्यापर्यंत हसत होतास.

एक भांडण मात्र कधी मिटलं नाही. तू म्हणायचास, मोटार सुधारली म्हणून पंख्याचं अंग लहान झालं आणि दांडाही आखूड झाला. अंगाचं मला माहीत नाही. दांड्याचं मी म्हणायची, छत खाली आलं म्हणून. क्याम्पातल्या बंगल्याचं छत तीन पुरुष उंच, तिथे लांब दांडा लागणारच. नव्या क्वार्टरात मच्छरदाणी बांधायला हात वर केला तरी छत लागतं. तिथे तसला दांडा टांगला तर माणसाचं डोकं जाईल. एकदा गफूरभाई अमरावतीला घरी आले होते, तेव्हा हेच निघालं. ते म्हणाले, "मास्तर, बाई सई बोलून राह्यल्या." तू म्हणालास, "बाईची चौथी झाली हाय, गफूरभाई. डिझाइनचं तिले काय समजते."

तुला अक्षरं मी शिकवली होती. मोर्शीजवळच्या आपल्या घराच्या ओसरीवर, माझी चौथी संपून लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात. तू पाटीवर थुंकून हाताने पुसायचास म्हणून मी तुला मारायची. पुढे तू शाळेत पहिला आलास तेव्हा मी सासरी होते. हे मी तुला कधी ऐकवलं नाही. त्या दिवशीही ऐकवलं नाही. गफूरभाईंना आणखी एक कप चहा दिला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तो पंखा आला. महाराष्ट्र झालं त्याच्या दोन वर्षं आधीची दिवाळी. अकोल्याकडच्या एका बंद पडलेल्या जिनातून गफूरभाईंनी तो मिळवला होता आणि तुझ्याकडे पाठवला होता. दिवाळीनंतरच्या रविवारी तू तो तिघांपुढे ठेवणार होतास. तोवर तरटात बांधून माजघरात ठेवलास आणि शाळेच्या कामाला दोन दिवस नागपूरला गेलास. त्याचं काळं तेल माझ्या सारवलेल्या जमिनीवर गळत होतं.

नियम मला माहीत होता. विसरले असं म्हणायला जागा नाही. घासपूस चालू होती, परातीत सोडा कालवलेला होता, आणि डोक्यात तुझं ते वाक्य होतं. मी तरट सोडलं आणि पंखा न्हाणीत नेला.

वरचा थर रुईचा. तेलात माखून इतका घट्ट झालेला की गोधडीसारखा सोलून निघाला. त्याखाली काजळी. म्हणजे जिनात जायच्या आधी तो कुठल्यातरी घरात होता. हे मला घासता घासता समजलं, आणि समजल्यावरही माझे हात थांबले नाहीत. मग छताशी बसते ती वाटी उलटी केली. आत कागद चिकटलेला होता. तळहाताएवढा, कडेने लाल रेघ, मध्ये काळी इंग्रजी अक्षरं. मी ती पाहत उभी राहिले. एकही वाचता येत नव्हतं. हात ओले होते, अंगठा लागला तशी एक कड उठली. ती बसवायला गेले तर सगळाच कागद लगदा होऊन हातात आला. तो सोड्याच्या पाण्याबरोबर मोरीत गेला.

तू आलास तेव्हा पंखा ओसरीवर चकाकत होता. तू हातातली पिशवीही खाली ठेवली नाहीस.

"बाई, हे काहून केलं?"

"दिवाळी हाय."

"तुले नियम माहीत होता."

"घरात उकिरडा मांडला तं लक्ष्मी येत नसते."

तू खाली बसलास. पात्यांच्या पाठीवरून हात फिरवलास. मग वाटी उचलून उजेडात धरलीस.

"आत कागद होता का?"

मी म्हटलं, "नव्हता."

तुझ्या रागाची मला भीती नव्हती. घासल्याचा राग तर तू करणारच होतास. पण 'होता' म्हटलं असतं तर तू पुढचं विचारलं असतंस, काय लिहिलं होतं. मग मला म्हणावं लागलं असतं, वाचता आलं नाही. तू गफूरभाईंपुढे जे बोललास ते मी माझ्याच तोंडाने खरं केलं असतं. एवढ्यासाठी खोटं बोलले, नाना. दुसरं काही मोठं कारण नव्हतं.

त्या एका शब्दावर तू काय काय उभं केलंस. पंख्याला पाटी नाही, पाटीची भोकंसुद्धा नाहीत, कागद नाही. परदेशचा पंखा असा कधी असत नाही, असं तुझं म्हणणं. शिवाय अंगावर एक फळ कोरलेलं होतं, ते तुला कपाशीचं बोंड दिसलं. गफूरभाई म्हणाले, "मास्तर, हे डाळिंब हाय." तू म्हणालास, "बोंड हाय." "मी रोज डाळिंब खातो मास्तर." "मंग रोज बोंड पायत जा." झालं. कुठल्यातरी बंगल्यातला पंखा पाहून आपल्याच इकडच्या ओताऱ्याने आणि सुताराने हा घडवला, असं तू ठरवलंस. वहीत नवं प्रकरण काढलंस, 'वऱ्हाडात घडलेला पंखा'. माझ्यावरचा राग चार दिवसांत विसरलास. उलट म्हणालास, "बरं झालं बाई तू घासला, नाईतं बोंड दिसलंच नसतं." त्या दिवसांत तुझा जो चेहरा होता तो मी तुझ्या लग्नातही पाहिला नव्हता. अशा माणसाला खरं सांगायला जीभ उचलत नाही. मी नाही सांगितलं.

मग तू तो ओतारी शोधायला निघालास. आधी सुट्ट्यांमध्ये, आणि शाळेतून रिटायर झाल्यावर बाराही महिने. अकोल्याला मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात जायचं, एकेका गल्लीत म्हाताऱ्या माणसांना पंख्याचं चित्र दाखवायचं. कोणी म्हणे आमचा आजा असलं काही ओतत असे. कोणी म्हणे छे, तो घंटा ओतायचा. तू दोन्ही वहीत लिहून ठेवायचास. मी सकाळी पोळ्या आणि ठेचा फडक्यात बांधून द्यायची. दर वेळी गाठ मारताना वाटायचं, आज सांगून टाकू. तू म्हणायचास, "जातो बाई." मी म्हणायची, "जातो नोको म्हणू, येतो म्हण." बोलणं तेवढ्यावरच थांबायचं.

यंदा मे महिन्यातही अकोल्याला गेलास. खिशात कांदा घातला होता मी, डोक्याला उपरणं बांधलं होतं. दिवस कलल्यावर आलास आणि ओसरीच्या पायरीवरच बसलास. वर यायला माझा हात धरावा लागला. तिथून तू पहिल्यासारखा चाललाच नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, त्या उन्हाचा काही संबंध नाही. ते शिकलेले आहेत, मी त्यांचं मानते. पण त्या गल्ल्यांमध्ये तू का चालत होतास, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

श्रावणात एकदा अंथरुणावरून म्हणालास, "थो ओतारी भेटला असता तं वही पुरी झाली असती." मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि तिथेच उभी राहिले. आजारी माणसाला कशाला सांगायचं, असं मनाशी म्हटलं. तू धडधाकट होतास तेव्हा दुसरं काहीतरी म्हणत होते. मी पाणी घेऊन आले तेव्हा तुझा डोळा लागला होता. त्यानंतर तू वहीचं नाव काढलं नाहीस आणि मीही काढलं नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब आणि गफूरभाई आले. वकीलसाहेब म्हणाले, पुस्तकाचं पहिलं प्रकरण वऱ्हाडात घडलेल्या पंख्याचं ठेवतो, मास्तरांचं खरं काम तेच. तुझ्या वहीला मी कधी हात लावला नव्हता. मी म्हटलं, त्या पंख्याचं पान वाचून दाखवा.

त्यांनी वाचलं. पाती चार, सागवानी. दांडा एवढा. अंग हंडी. पाटी नाही. धूळ, पुसली गेली. कागद, बाई म्हणते नव्हता.

कोणी पुसली ते तू लिहिलं नाहीस. मग मी बाकीची पानंही वाचून घेतली. त्यांवर तू कोणाच्या एकट्याच्या शब्दावर काही लिहीत नाहीस. धूळ गफूरभाईंनी पाहिली तरी वकीलसाहेबांना विचारलंस, माप वकीलसाहेबांनी घेतलं तरी स्वतः पुन्हा घेतलंस. इथे फक्त बाई म्हणते. ज्या बाईला डिझाइनचं काही समजत नाही, तिच्या शब्दावर तू सगळ्यात मोठं प्रकरण उभं केलंस आणि एकदाही उलटून विचारलं नाहीस. हे मला ठाऊक असतं तर मी आठ वर्षं गप्प बसले असते का? बहुतेक बसले असते. आता चांगलं दिसण्यासाठी दुसरं लिहीत नाही.

मी दोघांना सगळं सांगितलं. वकीलसाहेबांनी वही मिटली, मग पुन्हा उघडली.

"माय, हे आपल्या तिघांतच राहू द्या. मास्तर गेले. आता हे सांगून त्यांना काय मिळणार?"

मी म्हटलं, "त्याच्या नावावर खोटं छापलं जाणार नाई, एवढं मिळंन."

"त्यांचं आठ वर्षांचं काम जाईल."

"थे मी कधीचं घालवलं साहेब. तुमी आता काय वाचवता?"

 गफूरभाई म्हणाले, "साहेब, कागद होता तं होता. त्यानं मास्तर खोटा कसा होते? कागद काय फारिनवालेच लावत? आपल्या गावचा बिडीवाला बी कागद लावते, त्याच्यावर बी इंग्रजी छापते." आणि वर म्हणाले, "डाळिंब मातर डाळिंबच हाय." वकीलसाहेब हसले आणि मग तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहत बसले. मी चहा ठेवायला उठले.

तर ठरलं ते असं. तुझं प्रकरण जसंच्या तसं छापायचं, एक ओळही खोडायची नाही. पण त्याच्या आधी माझं हे लिहिणं छापायचं. नाहीतर मी वही देणार नव्हते. पुढे कोणाला तो पंखा कुठला ते शोधायचं असेल तर त्याने खरं काय होतं तिथून सुरुवात करावी. वर रुई, तिच्याखाली काजळी, वाटीत कागद. तिन्ही मी पाहिलं आणि तिन्ही मी घालवलं.

तू मेल्याचं दुःख मी करते, ते सगळेच करतात. मला दुसरंच छळतं. मी 'होता' म्हटलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत आहे, कारण तुला मी ओळखते. तू आधी घर डोक्यावर घेतलं असतंस. मग दोन दिवस जेवला नसतास. तिसऱ्या दिवशी ड्रॉइंगचा कागद आणि टोक केलेली पेन्सिल माझ्यापुढे ठेवून म्हणाला असतास, "वाचता नाई आलं तं नाई आलं. दिसलं तसं काढून दे." आणि मी काढून दिलं असतं. तेव्हा तो कागद माझ्या डोळ्यांपुढे होता, अख्खा, लाल रेघेसकट. रांगोळी एकदा पाहिली की मला काढता येते, ही तर दहा-बारा अक्षरं. तू ती वाचली असतीस. कारखाना कळला असता, गाव कळलं असतं, आणि तुला मे महिन्यात कुठे जावं लागलं नसतं. वाचता येत नाही याची मी इतकी लाज धरली की काढता येतं हे माझ्या लक्षातच आलं नाही. ते परवा आलं, हे लिहायला बसले तेव्हा.

आठ वर्षांत ती अक्षरं पुसट झाली. काल दिवसभर बसून आठवली, दोनच आठवली. एक उभी काठी, तिला उजवीकडे दोन पोटं. दुसरं कावळ्याच्या पायासारखं, खाली दांडी नि वर दोन फाटे. त्यांच्यामध्ये किती होती ते सांगता येत नाही. दोन्ही मी या कागदाच्या खाली पेन्सिलीने काढली आहेत. रेघा वाकड्या आल्या आहेत. छापणाऱ्याने त्या सरळ करू नयेत.